पाठीवरची दारू: काय न्यायची, कशात न्यायची, किती न्यायची

१४ सप्टेंबर, घरी

गेल्या खेपेला दादाने बिअरचे सहा कॅन सॅकमध्ये भरले आणि दुसऱ्या चढालाच ते सगळ्यांत वाटून घ्यावे लागले. मुक्कामाला पोचेपर्यंत ते कोमट झाले होते आणि दिवसभर हलून इतके फसफसले की पहिला कॅन अर्धा जमिनीवर गेला. वर रिकामे कॅन चेपून खाली आणायचं काम राहिलंच. आम्ही चौघं डोंगरात ट्रेकला जातो: दादा, वहिनी, माझी एक मैत्रीण आणि मी. दिवसभर चालून तंबू लागले, जेवण झालं, की घोट-दोन घोट घेत बसणं आम्हाला मनापासून आवडतं. म्हणून या मोसमात हा विषय नीट मार्गी लावायचा ठरवलं आहे. नोंदी ठेवते आहे, म्हणजे ज्यांना हेच करायचं आहे त्यांचा वेळ वाचेल.

आज फक्त वजनकाटा घेऊन बसले. ३३० मिलीचा बिअरचा कॅन भरलेला ३४७ ग्रॅम भरला. म्हणजे सहा कॅन दोन किलोच्या वर. बिअर ५ टक्क्यांची, तेव्हा एका कॅनमध्ये अल्कोहोल साडेसोळा मिली. सहांत मिळून ९९ मिली. १३ टक्क्यांच्या वाइनच्या ७५० मिलीच्या एका बाटलीतही जवळजवळ तेवढंच येतं, पण काचेसकट सव्वा किलो. तेवढंच अल्कोहोल ४० टक्क्यांच्या दारूतून हवं असेल तर सुमारे २४५ मिली पुरते, वजन २३५ ग्रॅमच्या आत. आणि ५८ टक्क्यांची असेल तर १७० मिली, दीडशे ग्रॅमच्या जरा वर.

व्हिस्कीची ७५० मिलीची काचेची बाटली भरलेली १,२४० ग्रॅम, त्यात नुसती काच ५३० ग्रॅम. म्हणजे काच घरीच राहणार, हे पहिल्या दहा मिनिटांत ठरलं. बाकीच्याला महिने लागणार असं दिसतंय.

१९ ते २६ सप्टेंबर, भांड्यांची परीक्षा

एकाच बाटलीतली व्हिस्की पाच भांड्यांत भरून सात दिवस कपाटात ठेवली. खिशात ठेवायचा स्टीलचा चपटा फ्लास्क, पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली (तळाला त्रिकोणात १ आकडा असलेली, म्हणजे पेट), जाड पांढरी एचडीपीई प्लास्टिकची बाटली (आकडा २), घडी होणारी मऊ पाण्याची पिशवी आणि सिलिकॉनची बाटली. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी चव घेतली. कोणती कुठली ते मला कळू नये म्हणून पेले वहिनींनी भरून दिले.

पेट आणि एचडीपीईमधली व्हिस्की मला मूळ बाटलीतल्यापेक्षा वेगळी ओळखता आली नाही. स्टीलच्या फ्लास्कमधली तिसऱ्या दिवशी ठीक होती, सातव्या दिवशी जिभेच्या कडेला धातूची चव आली. मऊ पिशवीतली तिसऱ्या दिवशीच प्लास्टिकची लागली. त्याहून वाईट म्हणजे पिशवीला जो वास बसला तो चार वेळा धुऊनही गेला नाही, आता तिच्यात पाणी भरता येत नाही. ती पिशवी वायाच गेली. सिलिकॉनला बाहेरून हात लावला तरी हाताला वास येत होता.

वजनात तर तुलनाच नाही. १८० मिलीचा स्टीलचा फ्लास्क रिकामा ११८ ग्रॅम, पेटची २५० मिलीची बाटली १७ ग्रॅम. फ्लास्क मला बाबांकडून आला आहे आणि तो हातात घ्यायला फार छान वाटतो, पण तो एका रात्रीच्या फिरतीसाठी ठेवते.

गळतीची परीक्षा अशी केली: बाटली भरायची, झाकण घट्ट लावायचं, टिश्यू पेपरवर रात्रभर उलटी ठेवायची, सकाळी दोन्ही हातांनी दाबायची. एचडीपीईच्या बाटलीचं उघडमीट होणारं टोपण इथेच नापास झालं. फिरकीचं साधं झाकण सगळ्यांत भरवशाचं.

२७ ते २९ सप्टेंबर, पहिला ट्रेक, दोन रात्री

वाइन न्यायची मैत्रिणीची फार इच्छा होती. खोक्यात मिळणारी वाइन घेतली असती तर आतली पिशवी तेवढी काढून नेता आली असती, आणि वाइन न्यायची तर तीच पद्धत बरी. आम्ही मात्र बाटलीतली रेड वाइन घडीच्या नव्या पिशवीत ओतली. पिशवीत वरच्या बाजूला वितभर हवा राहिली आणि तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पायथा ९०० मीटरवर, मुक्काम २,७०० वर. एवढ्या चढात बाहेरचा दाब सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो, म्हणजे पिशवीतली हवा सव्वापट व्हायला बघते. पिशवी उशीसारखी टम्म झाली. सॅक वर-खाली होताना झाकणाच्या आट्यांतून वाइन बाहेर यायला लागली आणि खाली असलेल्या स्लीपिंग बॅगमध्ये मुरली. मुक्कामाला सॅक उघडली तेव्हा आंबट वास आला. बॅगेचा पायाकडचा भाग जांभळा, आतली पिसं गोळा होऊन ओल्या बोळ्यासारखी हाताला लागत होती. मैत्रिणीने ते धरून पिळलं, बोटांमधून जांभळे थेंब पडले.

पिसांची बॅग ओली झाली की ऊब देत नाही. ती रात्र तिने सगळे कपडे अंगावर घालून, माझ्या बॅगेत पाय खुपसून काढली. दोघींनाही झोप नाही. सकाळी ओढ्यापासून लांब नेऊन धुणं, उन्हात उलटसुलट करणं यात साडेतीन तास गेले आणि दुसऱ्या दिवसाची चाल अर्धी झाली.

यानंतर केलेले बदल: मऊ पिशवी वापरलीच तर हवा पूर्ण दाबून काढायची. दारू कुठलीही असो, ती झिपच्या वेगळ्या पिशवीत, सॅकच्या बाहेरच्या खिशात, उभी. स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे जिथे असतात त्या कप्प्यात दारू ठेवायची नाही. मोठा चढ असेल तर मध्ये एकदा थांबून झाकण सैल करून परत लावायचं.

वाइन वाचली होती ती रात्री प्यालो. थंडीत ती अगदी बंद लागते, वास असा येतच नाही. मगमध्ये घेऊन दोन्ही हातांत धरून ठेवली तेव्हा कुठे जरा उघडली. मैत्रिणीनेच सांगितलं की परत नको.

६ ऑक्टोबर, ओढ्याच्या पाण्याची परीक्षा

घरी जे आवडतं ते तिथे आवडेलच असं नाही. तिथे बर्फ नाही, सोडा नाही, टॉनिक नाही. पेला स्टीलचा किंवा प्लास्टिकचा, पाणी ओढ्याचं. तेव्हा आज गार पाणी आणि स्टीलचे मग एवढंच घेऊन बसलो.

व्होडका गार पाण्यात घातली की उरतं फक्त पातळ झालेलं स्पिरिट. टॉनिकशिवाय जिन पहिल्या घोटाला बरी, नंतर साबणासारखी. लिंबाची साल पिळून टाकली तर सुधारते, साल वजनाला काहीच नाही. डार्क रम पाण्यात चांगली आणि गरम पाण्यात फारच चांगली. सगळ्यांत वर आली ती धुराच्या वासाची व्हिस्की, कारण पाणी घातल्यावर तिचा वास कमी होण्याऐवजी मोकळा होतो. अँगोस्टुरा बिटर्सची, म्हणजे थेंबांनी घालायच्या कडू अर्काची, छोटी बाटली माझ्याकडे होती (४४.७ टक्के). तिचे चार थेंब रमच्या कोमट पाण्यात घातले आणि चौघांनीही मग पुढे केले. थेंबाच्या बाटलीत १० मिली नेलं की आठवडा जातो.

मग तीव्रता. पिंपातून काढून पाणी न मिसळता भरलेली व्हिस्की मिळते, तिला कास्क स्ट्रेंग्थ म्हणतात. माझ्याकडची ५८ टक्क्यांची आहे. तिच्या १०० मिलीत ४५ मिली पाणी घातलं की नेहमीच्या ४० टक्क्यांवर येते. पाणी मुक्कामाला मिळतंच, मग ते पाठीवर कशाला वाहायचं, असा सरळ हिशोब. पण आकडे खरे लिहायचे तर बचत वाटते तेवढी नाही. चौघांना तीन रात्री, रोज ६० मिली धरले तर ४० टक्क्यांची ७२० मिली लागते, सुमारे ६८५ ग्रॅम. तेच ५८ टक्क्यांतून ५०० मिलीत भागतं, सुमारे ४५५ ग्रॅम. वाचले २३० ग्रॅम, चौघांत वाटले तर माणशी साठही नाहीत. तरीही मी तीच नेणार, कारण ती पाण्याबरोबर चवीला उभी राहते.

याहून तीव्र घेऊ नका. पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांची रम मिळते, ९५ टक्क्यांचं धान्याचं स्पिरिटही काही ठिकाणी मिळतं. कागदावर ते सगळ्यांत हलकं पडतं, पण पाणी घालून ते प्यायला आम्हाला कुणालाच आवडलं नाही. दमलेल्या माणसाच्या हातून प्रमाण चुकलं तर फार चुकतं, आणि शेगडीजवळ ते सांडलं तर इंधनासारखंच पेटतं.

दोन बारीक गोष्टी. थंड करून न गाळलेल्या काही व्हिस्क्या गार पाणी घातल्यावर ढगाळ होतात. मी घाबरून पहिला पेला ओतून दिला, तो उगाच. त्यातली तेलं थंडीने वेगळी दिसायला लागतात एवढंच, चवीला काही होत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: दारूत मिसळलं म्हणून ओढ्याचं पाणी शुद्ध होत नाही. पाणी आधी गाळायचं किंवा उकळायचं, मगच त्यात.

१८ ते २० ऑक्टोबर, दुसरा ट्रेक

ही नोंद लिहायला मला आठवडा लागला.

५८ टक्क्यांची व्हिस्की पेटच्या एकाच अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरून नेली होती. माप नाही, खूण नाही. दुसरा मुक्काम ३,२०० मीटरवर, सकाळी पाचला निघून खिंड गाठायची. रात्री नऊच्या सुमाराला बाटली फिरली. दादा नेहमी घरी ओततो तसा मगात ओतत गेला, तीनदा. पाणी नंतर, अंदाजाने. जेवणही त्याने धड केलं नव्हतं, उंचीवर त्याची भूक जाते.

नंतर घरी येऊन मोजलं. मगातल्या त्याच्या नेहमीच्या खुणेपर्यंत ६० मिली येतं. तीन वेळा म्हणजे १८० मिली, ५८ टक्क्यांनी ८२ ग्रॅम अल्कोहोल. नेहमीची ४० टक्क्यांची धरून तो समजत होता की आपण ५७ ग्रॅमच्या आसपास घेतो आहोत. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅम एवढंच निपटतं. म्हणजे पहाटे पाचला, बूट चढवायच्या वेळी, त्याच्या अंगात अजून ती होतीच.

पहाटे तो उठून बसला आणि डोकं धरून म्हणाला, "गरगरतंय गं." मळमळत होतं, पाणीही पोटात राहत नव्हतं. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मला विचारत होत्या, "हे रात्रीचं आहे की उंचीचं?" मला सांगता येईना. कुणालाच सांगता आलं नसतं. डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, गळून जाणं ही उंची लागल्याची लक्षणं आहेत आणि हँगओव्हरचीही हीच. अशा वेळी एकच गोष्ट बरोबर असते: उंची लागली आहे असं धरायचं आणि वर जायचं नाही. आम्ही खिंड सोडली, त्याची सॅक तिघींनी वाटून घेतली आणि ७०० मीटर खाली उतरलो. दुपारपर्यंत त्याला बरं वाटलं. खिंडीसाठी आम्ही वर्षभर थांबलो होतो.

यात व्हिस्कीचा दोष नाही आणि एकट्या दादाचाही नाही. बाटली मी भरली होती. तीव्र दारू माप न देता लोकांच्या हातात दिली, ही चूक माझी. डोंगरातल्या आजारांचे डॉक्टर उंचीवर पोचल्यावर पहिले ४८ तास दारू टाळायला सांगतात, तेही मला माहीत होतं. दारूने लघवी जास्त होते, पाणी कमी पडतं, झोपेतला श्वास मंदावतो, आणि उंचीवर नेमकं याचंच आधीपासून ओझं असतं.

आता आमच्यात ठरलं आहे: २,५०० मीटरच्या वर मुक्काम चढला की पहिल्या दोन रात्री बाटली निघत नाही. खिंडीच्या आदल्या रात्रीही नाही. उरलेल्या रात्री, जेवण झाल्यावर.

२५ ऑक्टोबर, रात्रीची एक बाटली

पुढचा सगळा विचार यावर येऊन थांबला की दारू ट्रेकप्रमाणे मोजायची नाही, माणशी रात्रीप्रमाणे मोजायची, आणि मोजणी घरी करायची.

पेटच्या ६० मिलीच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या आणल्या. रिकामी ९ ग्रॅम. बाहेरून पक्क्या शाईने दोन रेघा मारल्या: एक ४० मिलीला, एक ६० ला. घरी खालच्या रेघेपर्यंत ५८ टक्क्यांची व्हिस्की भरायची. मुक्कामाला गाळलेलं पाणी वरच्या रेघेपर्यंत घालायचं, झाकण लावून एकदा उलटंपालटं करायचं. झाली ३९ टक्क्यांची ६० मिली, अल्कोहोल साधारण १८ ग्रॅम. अंधारात, हेडलँपच्या उजेडात, थकलेल्या हातांनाही हे जमतं. एका रात्रीचं वजन बाटलीसकट ४६ ग्रॅम.

दादाने बाटली उजेडात धरून पाहिली, म्हणाला, "एवढीशी?" मग स्वतःच बसून बारा बाटल्यांवर रेघा मारल्या.

रेघा मारताना पहिल्या चार वाया गेल्या. शाईवर व्हिस्कीचा थेंब पडला की ती पुसते, कारण पक्की शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. आता रेघेवर पारदर्शक चिकटपट्टी लावते. झाकणावरूनही एक पट्टी घेते, प्रवासात कुणाची उघडली ते कळतं. बाटली उलटी ठेवायची रात्रभराची परीक्षा प्रत्येकीची घेतली. बारांपैकी एक गळली, ती टाकली.

२७ ऑक्टोबर, इंधन

हे वेगळं लिहिते आहे, कारण दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं. मैत्रीण स्पिरिटची शेगडी वापरते. परवा सामान मांडताना तिचं इंधन आणि माझी जिन अगदी एकसारख्या पारदर्शक बाटल्यांत शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही पाण्यासारख्या. मी जिनच्या म्हणून हात घातला तो इंधनाच्या बाटलीवर.

शेगडीच्या स्पिरिटमध्ये ते पिऊ नये म्हणून मिथेनॉल किंवा तसं काही मिसळलेलं असू शकतं. मिथेनॉल थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, जीव जाऊ शकतो, आणि चवीवरून ते हमखास ओळखता येत नाही.

आजपासून: इंधन लाल बाटलीत, वेगळ्या आकाराच्या, टोपणाला दोरा गुंडाळलेला, म्हणजे अंधारात हाताला कळेल. पेयाची बाटली कधीही इंधनाला वापरायची नाही आणि इंधनाची पेयाला नाही, कितीही धुतली तरी. आणि रंगहीन दारू न्यायची नाही. जिन मला आवडते, पण ती घरी.

२१ ते २४ नोव्हेंबर, तिसरा ट्रेक, थंडी

रात्री उणे १४ पर्यंत उतरलं. व्हिस्की गोठली नाही, ४० टक्क्यांची दारू गोठायला उणे वीसच्याही खाली जावं लागतं. बिअर उणे दोन-तीनलाच गोठायला लागते, वाइन उणे पाच-सहाच्या सुमाराला. शॅकल्टनच्या १९०७ ते १९०९ च्या अंटार्क्टिकावरच्या निमरॉड मोहिमेतली व्हिस्की केप रॉइड्सच्या झोपडीखालच्या बर्फातून २०१० मध्ये खोक्यासकट काढली, तेव्हा खोकं गोठून दगड झालं होतं आणि बाटल्यांत व्हिस्की पातळच होती. तपासणीत ती ४७.३ टक्क्यांची निघाली. बाटल्या कागद आणि गवतात गुंडाळलेल्या होत्या. शंभर वर्षं काच टिकवणाऱ्या त्या बांधणीबद्दल मला फार आदर वाटतो.

पण पातळ राहते याचाच धोका आहे, हे त्या रात्री कळलं. मैत्रिणीने बाहेर राहिलेली बाटली उघडून तशीच तोंडाला लावली. ती दारू बाहेरच्या हवेइतकीच थंड असते, आणि पातळ असल्यामुळे बर्फासारखी तोंडात अडत नाही, थेट घशात जाते. ओठ आणि घसा दोन दिवस दुखत होता. आता बाटली जेवणाच्या आधी अर्धा तास जॅकेटच्या आतल्या खिशात.

ऊब येते म्हणून पिण्याबद्दलही लिहायला हवं. मदतीला आलेल्या कुत्र्याच्या गळ्यातलं ब्रँडीचं छोटं पिंप आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. एडविन लँडसीअरने १८२० मध्ये काढलेल्या चित्राने ते तिथे बसवलं आहे. प्रत्यक्षात दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, गाल-हात गरम वाटतात आणि आतली ऊब बाहेर जाते. कुडकुडणंही कमी होतं, आणि कुडकुडणं हीच शरीराची शेगडी. मी पहिल्या रात्री तंबूबाहेर ओल्या मोज्यांत बसून घेतली. वीस मिनिटं फार छान वाटलं, मग स्लीपिंग बॅगमध्ये तासभर पाय गरम होईनात. दुसऱ्या रात्री कोरडे कपडे, पोटभर गरम जेवण, बॅगेत अर्धं शिरून, मगच बाटली. फरक एवढा होता की त्यावर वाद उरला नाही. कुणी थंडीने गारठलं असेल तर त्याला गरम गोड पाणी द्यायचं, दारू नाही.

या ट्रेकचा सगळ्यांत चांगला शोध वहिनींचा. त्यांना व्हिस्की आवडत नाही. त्यांच्यासाठी ग्रीन शार्त्रूज नेली होती, ५५ टक्क्यांची हिरवी, जडीबुटीची, गोड. गरम कोकोमध्ये २० मिली. त्यांनी मगावर तोंड ठेवून वाफ घेतली आणि म्हणाल्या, "हे मला रोज हवं." मग तो मग चौघांत फिरला. गोड असल्याने झाकणाच्या आट्यांत ती चिकटून बसते, परत आल्यावर झाकण गरम पाण्यात भिजवावं लागतं. ओतायची ती शेगडी विझवून आणि कोकोचा मग खाली ठेवल्यावर. ५५ टक्क्यांची धार ज्योतीजवळ नेऊ नका.

५ डिसेंबर, विमान

चौथ्या ट्रेकला विमानाने जायचं होतं. मी रेघांच्या सगळ्या बाटल्या घरून भरून चेक-इनच्या सामानात ठेवल्या. सामान तपासताना त्या बाहेर काढल्या गेल्या, सगळ्याच्या सगळ्या. वाद घालायला जागा नव्हती, नियम मला वाचायला हवा होता. चेक-इनच्या सामानात ७० टक्क्यांच्या वरची दारू चालतच नाही. २४ ते ७० टक्क्यांची माणशी ५ लिटरपर्यंत चालते, पण दुकानातून आली तशी बंद बाटलीत. २४ किंवा त्याहून कमी असेल तर या नियमात अडत नाही. हातातल्या सामानात १०० मिलीपर्यंतच्या बाटल्यांची नेहमीची मर्यादा बहुतेक ठिकाणी असतेच. शेगडीचं इंधन तर कशातच नाही.

म्हणजे बंद बाटली कपड्यांत गुंडाळून न्यायची, रिकाम्या रेघांच्या बाटल्या बरोबर घ्यायच्या, आणि पायथ्याशी पोचल्यावर भरायच्या. भरायला छोटं नरसाळं लागतं. ते विसरलात तर कागदाच्या सुरळीने निम्मी बोटांवर जाते, हेही करून झालं. ज्या भागात जाता तिथे दारू बाळगायला बंदी नाही ना, हे निघायच्या आधी बघा. काही राखीव जंगलांत आणि काही प्रदेशांत ती पूर्ण बंद आहे.

१२ ते १५ डिसेंबर, चौथा ट्रेक

लिहिण्यासारखं फार थोडं घडलं. दोन रात्री उंचीच्या नियमात गेल्या, कुणी बाटलीचं नावही काढलं नाही. तिसऱ्या रात्री २,३०० मीटरवर उतरून आलो होतो, आकाश स्वच्छ होतं. दादाने पाणी रेघेपर्यंत घातलं, डोळ्यांसमोर धरून बघितलं, अर्धा मिलीही वर जाऊ दिला नाही. मैत्रिणीने रम कोमट पाण्यात, बिटर्स घालून घेतली. मी धुराची व्हिस्की, तोंडापाशी मग धरून, बराच वेळ न पिता. सकाळी साडेपाचला चौघंही बूट बांधून उभे.

घरी येऊन सॅक रिकामी केली. रिकाम्या बाटल्या मोजल्या, तीन. चौथी वहिनींची, हिरवी, भरलेली. झाकणावरची चिकटपट्टी तशीच. "त्या रात्री डोकं जरा जड होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून काढलीच नाही." ती पुसून फेब्रुवारीच्या खिंडीच्या डब्यात ठेवली आहे.